फ्रँकनस्टाइनची कोणती प्रत पाहिलीत तुम्ही?

१९३१ सालच्या ‘फ्रँकनस्टाइन’मध्ये तळ्याकाठचा एक प्रसंग आहे. प्रयोगशाळेतून निसटलेला तो प्राणी, म्हणजे बोरिस कार्लॉफ, एका लहान मुलीसमोर येतो. ती त्याला घाबरत नाही. उलट त्याच्या हातात फुलं देते आणि पाण्यावर ती कशी तरंगतात ते दाखवते. फुलं संपतात. मग तो तिलाच उचलून पाण्यात टाकतो, कारण त्याला वाटतं तीही तरंगेल. ती वर येत नाही, तसा तो भांबावून, धडपडत तिथून पळ काढतो.

जवळजवळ अर्धशतक बहुतेक प्रेक्षकांनी हा प्रसंग असा पाहिलाच नव्हता. त्यांच्या प्रतीत तो मुलीकडे हात नेतो आणि तिथेच दृश्य तुटतं. पुढे थेट तिचा बाप तिचं कलेवर हातांवर घेऊन गावातून चालत येतो. मधे काय घडलं असेल हे प्रेक्षकाने आपल्या मनाने भरायचं, आणि मन जे भरतं ते मूळ दृश्यापेक्षा कितीतरी ओंगळ असतं. कात्री लावली होती भीती कमी करायला, झालं भलतंच. एका अजाण जिवाच्या हातून घडलेला अपघात हा खून, किंवा त्याहून वाईट काहीतरी वाटू लागला. १९८० च्या दशकात ब्रिटनमधल्या एका प्रतीवरून हे तुकडे परत जोडले गेले. म्हणजे त्याआधीची व्हिडिओ कॅसेट पाहिलेला आणि त्यानंतरची पाहिलेला, असे दोघं जण त्या प्राण्याबद्दल बोलू लागले, तर वेगवेगळ्या प्राण्यांबद्दल बोलत असतील.

जुन्या कृष्णधवल मॉन्स्टरपटांच्या बाबतीत हे नेहमीचं आहे. ‘ड्रॅक्युला’, ‘द ममी’, ‘द इन्व्हिजिबल मॅन’, ‘किंग काँग’ ही नावं डिस्कच्या खोक्यावर तीच असतात, पण आतला चित्रपट तोच असतो असं नाही. कुठल्या निगेटिव्हवरून घेतला, कुणाची कात्री लागलेली प्रत उचलली, काळोख किती काळा ठेवला, किती घासूनपुसून स्वच्छ केला, हे सगळं कुणीतरी आपल्याआधी ठरवलेलं असतं. ते कसं ठरतं, त्याची ही गोष्ट.

आधी फिल्म उरायला हवी

१९३१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत ‘ड्रॅक्युला’ लागला, मार्चमध्ये मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात ‘आलम आरा’ लागला, आणि नोव्हेंबरात ‘फ्रँकनस्टाइन’ आला. तिन्ही त्याच जातीच्या फिल्मवरचे, त्याच वर्षीचे बोलपट. आज दोन अमेरिकी चित्रपट ४के डिस्कवर, म्हणजे ब्लू-रेहूनही बारीक तपशील दाखवणाऱ्या डिस्कवर, मिळतात. भारताच्या पहिल्या बोलपटाची मात्र एकही प्रत शिल्लक नाही. काही छायाचित्रं आणि जाहिराती आहेत, बस.

त्या काळची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची असे. रसायन म्हणून ते बंदुकीच्या दारूच्या कुळातलं. पेट घेतला की जळायला लागणारा ऑक्सिजन ते स्वतःच पुरवतं, त्यामुळे पाणी ओतूनही आग आटोक्यात येत नाही. आग लागली नाही तरी फिल्म आतून सडते. आधी चित्र फिकटतं, मग थर चिकट होतात, रिळाचा गोळा होतो आणि शेवटी डब्यात तपकिरी भुकटी उरते. १९५० च्या सुमारास सुरक्षित फिल्म आल्यावर नायट्रेट बंद झालं, पण तोवरचा सगळा वारसा या स्फोटक पदार्थावर होता. २००३ च्या जानेवारीत पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट साठ्याला लागलेली आग अनेकांना आठवत असेल. फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या त्या आगीत भारतीय सिनेमाच्या सुरुवातीच्या काळातली कितीतरी रिळं गेली.

मग ‘ड्रॅक्युला’ कसा वाचला? तो काढणाऱ्या युनिव्हर्सल स्टुडिओला वारशाची फार चाड होती म्हणून वाचला, असं समजू नका. याच युनिव्हर्सलने १९४८ साली आपल्याकडचे उरलेसुरले मूकपट नष्ट करून टाकले, कारण ज्यांना गिऱ्हाईक नाही त्यांच्यासाठी गोदाम अडवून ठेवणं परवडत नव्हतं. मॉन्स्टरपट उरले ते कमावत राहिले म्हणून. १९३८ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका छोट्या थिएटरने ‘ड्रॅक्युला’, ‘फ्रँकनस्टाइन’ आणि ‘सन ऑफ काँग’ एकाच तिकिटात लावले. गर्दी आवरेना. युनिव्हर्सलने मग आपले दोन्ही चित्रपट जोडीने देशभर पुन्हा लावले. पुन्हा लावायचं तर नव्या प्रती काढाव्या लागतात, आणि प्रती काढायच्या तर निगेटिव्ह जपून ठेवावी लागते. नट लॉन चेनीचा ‘लंडन आफ्टर मिडनाइट’ हा १९२७ सालचा मूकपट इतका नशीबवान नव्हता. त्याची शेवटची ज्ञात प्रत १९६० च्या दशकात एमजीएम स्टुडिओच्या गोदामातल्या आगीत गेली. आज डिस्कवर मिळते ती स्थिरचित्रं जोडून केलेली त्याची पुनर्रचना.

निगेटिव्ह, प्रिंट आणि झेरॉक्सची झेरॉक्स

कॅमेऱ्यात असते ती मूळ निगेटिव्ह. तिच्यावरून एक बारीक पोताची पॉझिटिव्ह काढतात, तिच्यावरून दुसरी निगेटिव्ह, आणि त्या दुसऱ्या निगेटिव्हवरून थिएटरात जाणाऱ्या प्रिंट. प्रत्येक पायरीला थोडा तपशील गळतो, अंधारातल्या छटा एकमेकींत मिसळतात, उजेड रखरखीत होतो. झेरॉक्सच्या झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यावर अक्षरांचं जे होतं, तेच चेहऱ्यांचं होतं. म्हणून जुन्या चित्रपटाची डिस्क काढताना पहिला प्रश्न असतो, मूळ निगेटिव्हच्या किती जवळ पोचता येतंय?

पण मूळ निगेटिव्ह ही अखंड गोष्टही नसते. त्यातलं एखादं रीळ सडलेलं असू शकतं, एखादं हरवलेलं. मग जगभर शोधाशोध सुरू होते. याचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण म्हणजे स्पॅनिश ‘ड्रॅक्युला’.

बोलपट आले तेव्हा डबिंगचं तंत्र बाल्यावस्थेत होतं. परदेशी बाजार हातचा जाऊ नये म्हणून हॉलिवूडचे स्टुडिओ एकच चित्रपट दोन-तीन भाषांत वेगवेगळ्या नटांना घेऊन काढत. आपल्याकडे प्रभातने ‘अयोध्येचा राजा’ मराठी आणि हिंदीत केला, त्याच काळातली ही रीत. युनिव्हर्सलने दिवसा बेला लुगोसीचा इंग्रजी ‘ड्रॅक्युला’ चित्रित केला आणि रात्री त्याच सेटवर कार्लोस व्हियारियास आणि लुपिता तोवार यांना घेऊन स्पॅनिश. दिग्दर्शक जॉर्ज मेलफोर्डला स्पॅनिश येत नव्हतं! पण रात्रपाळीच्या मंडळींना दिवसपाळीचं काम बघायला मिळे, आणि त्यावर मात करायची ईर्षाही होती. कॅमेरा इथे जास्त मोकळेपणाने फिरतो, आणि चित्रपट इंग्रजीपेक्षा सुमारे अर्ध्या तासाने लांब आहे. लुगोसीला मात्र तोड नाही. व्हियारियास डोळे मोठे करतो तेव्हा भीतीपेक्षा त्याच्या डोळ्यांचीच काळजी वाटते.

हा चित्रपट पुढे विस्मरणात गेला. शोध घेतला तेव्हा अमेरिकेत उरलेल्या सामग्रीतलं तिसरं रीळ सडून गेलेलं निघालं. अख्खं रीळ मिळालं ते हवानात, क्यूबाच्या चित्रपट संग्रहालयात. अमेरिका आणि क्यूबा यांचं त्या काळात किती सख्य होतं हे सांगायला नको, तरी फिल्म जुळली आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रपट व्हिडिओवर पूर्ण स्वरूपात आला. जुन्या डीव्हीडीवर हा भाग लागला की पोत बदलल्याचं साध्या डोळ्यांना कळतं. बघणाऱ्याला वाटतं डिस्क खराब आहे. डिस्क ठीक असते, तो भाग दुसऱ्या देशातून, दुसऱ्या पिढीच्या प्रिंटवरून आलेला असतो. २०१५ साली या रात्रपाळीच्या चित्रपटाचा अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत समावेश झाला.

कात्री कुणाची?

१९३४ पासून हॉलिवूडमध्ये नीतिनियमांची संहिता कडकपणे लागू झाली. त्याआधीचे चित्रपट पुन्हा प्रदर्शित करायचे तर नव्या नियमांत बसवणं भाग होतं, आणि ही कात्री अनेकदा थेट मूळ निगेटिव्हला लागे. कापलेला तुकडा जपून ठेवण्याची तसदी सहसा कुणी घेत नसे. जुन्या चित्रपटांच्या वेगवेगळ्या प्रती तयार होण्याचं हे सगळ्यात मोठं कारण.

‘फ्रँकनस्टाइन’मध्ये तळ्याकाठचा प्रसंग गेलाच, शिवाय प्राणी जिवंत झाल्यावर बेभान झालेला शास्त्रज्ञ ‘देव असणं म्हणजे काय ते आता मला कळलं’ अशा अर्थाचं वाक्य ओरडतो, त्यावर ढगांचा गडगडाट चढवला गेला. ते वाक्य अलीकडच्या आवृत्त्यांत परत ऐकू येतं. ‘ड्रॅक्युला’च्या शेवटी प्राध्यापक व्हॅन हेल्सिंग झालेला नट पडद्यापुढे येऊन प्रेक्षकांना सांगे की बाबांनो, अशा गोष्टी खरोखर असतात. भुताखेतांवरच्या विश्वासाला खतपाणी नको म्हणून १९३६ च्या पुनर्प्रदर्शनात हे निवेदन काढलं. ते आजही कुठल्याच आवृत्तीत परत आलेलं नाही, उरलेला अंश फार खराब आहे. छातीत लाकडी सुळा ठोकताना ड्रॅक्युलाचं कण्हणं आणि त्याचा दास रेनफिल्ड याची किंकाळीही दाबली होती, ती मात्र परत आली.

‘किंग काँग’ १९३३ चा. त्याच्या १९३८ च्या पुनर्प्रदर्शनातून काँग माणसांना चावतो, एका बाईला उंचावरून खाली सोडतो, नायिकेचे कपडे कुतूहलाने सोलतो, असे तुकडे गेले. ते १९७० च्या सुमारास परत जोडले गेले आणि २००५ च्या डीव्हीडीत चांगल्या दर्जात आले. दरीतल्या महाकाय कोळ्यांचा प्रसंग मात्र सेन्सॉरने कापलेला नाही. तो निर्माते मेरियन कूपर यांनी प्रदर्शनाआधी स्वतःच काढला, आणि तो आजवर सापडलेला नाही.

इथे प्रश्न पडतो की मग ‘खरा’ चित्रपट कुठला? माझं मत सरळ आहे. पहिल्या प्रदर्शनाला प्रेक्षकांनी जो पाहिला तो. कूपरने स्वतः काढलेलं राहू दे बाहेर, नियमावलीने काढलेलं परत यायला हवं.

घरात शिरण्याचा रस्ता

व्हिडिओच्या आधीही हे चित्रपट घरी येत होते. अमेरिकेत कॅसल फिल्म्स नावाची कंपनी घरगुती प्रोजेक्टरसाठी ८ मिलिमीटरची रिळं विकायची. एका रिळात सत्तर मिनिटांच्या चित्रपटातली निवडक आठ-दहा मिनिटं, तीही बहुधा मुकी, खाली अक्षरं. प्राणी जिवंत होतो, गावकरी मशाली घेतात, पवनचक्की पेटते, संपलं. १९५७ मध्ये युनिव्हर्सलचे ५२ जुने चित्रपट ‘शॉक’ नावाच्या गठ्ठ्यात टीव्ही केंद्रांना मिळाले. रात्री उशिरा, भुताचा वेष केलेल्या निवेदकांच्या थट्टामस्करीसह ते दाखवले जात. नव्या पिढीला या राक्षसांची गोडी लागली ती इथे.

मग व्हिडिओ रेकॉर्डर आले, आणि ड्रॅक्युलाचा मालक असलेला युनिव्हर्सल स्टुडिओच कोर्टात गेला. १९७६ साली युनिव्हर्सल आणि डिस्ने यांनी सोनीवर खटला भरला. लोक घरी बसून टीव्हीवरचे कार्यक्रम टेप करतात, हा हक्कभंग आहे, असं त्यांचं म्हणणं. १९८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सोनीच्या बाजूने कौल दिला. स्टुडिओ हरले, आणि पुढची वीस वर्षं त्याच कॅसेटांवर आणि नंतर डिस्कवर त्यांनी बक्कळ पैसा केला. खटला चालू असताना युनिव्हर्सलची मालक कंपनी स्वतःची लेझरडिस्क, म्हणजे चित्रपटांची मोठी चकती, बाजारात आणत होती, हाही त्यातला मासला.

कॅसेटची ताकद मात्र बेताची. व्हीएचएसवर आडवा तपशील साधारण २४० रेषांइतकाच मावे. डीव्हीडीवर चित्र ७२० बिंदू रुंद, ब्लू-रेवर १९२०, ४के डिस्कवर ३८४०. ३५ मिलिमीटरच्या चांगल्या निगेटिव्हमध्ये कॅसेटच्या कैक पट तपशील १९३१ पासूनच होता, तो घरापर्यंत पोचवणारं वाहन नव्हतं. म्हणून नव्वद वर्षांपूर्वीचा चित्रपट वर्षागणिक ‘नवा’ दिसू लागतो, यात जादू काही नाही. व्हिडिओ कॅमेऱ्यावर चित्रित झालेल्या १९८० च्या दशकातल्या मालिकांचं नशीब असं नाही. त्यांत मुळातच तपशील कमी आहे, तो आणणार कुठून?

काळोख

आता या सगळ्यातला अवघड भाग. रंगीत चित्रपटात लाल साडी आणि हिरवं झाड रंगाने वेगळी दिसतात. कृष्णधवल चित्रात त्यांना वेगळं करायला करड्या रंगाच्या छटांखेरीज काही नाही. मॉन्स्टरपटांत तर अर्धी गोष्ट सावलीत घडते. जिन्यावरचं कोळिष्टक, धुकं, काळ्या झग्याची काळ्या भिंतीवरची कड, हे सगळं जवळजवळ काळ्या आणि पूर्ण काळ्या यांच्यामधल्या अरुंद पट्ट्यात असतं.

हे करणाऱ्या मंडळींना रंगाचं करड्यात काय होतं याचं बारीक भान होतं. रंगभूषाकार जॅक पिअर्स यांनी कार्लॉफला करडा-हिरवट रंग फासला, कारण फिल्मवर तो प्रेतासारखा पांढुरका उतरायचा. १९३१ च्याच ‘डॉ. जेकिल अँड मि. हाइड’मध्ये फ्रेडरिक मार्चचा चेहरा एकही कट न घेता डोळ्यांदेखत बदलतो. त्याचं इंगित असं: चेहऱ्यावर लाल रंगाच्या रेषा आधीच काढून ठेवलेल्या होत्या. भिंगापुढे लाल काच असली की त्वचा आणि लाल रेषा दोन्ही सारख्याच उजळ दिसतात, म्हणजे रेषा गायब. ती काच हळूहळू सरकवून दुसऱ्या रंगाची आणली की त्याच रेषा काळ्या होऊन चेहऱ्यावर उमटतात. छायाचित्रकार होते कार्ल स्ट्रस, दिग्दर्शक रूबेन मामूलियन. बरीच वर्षं त्यांनी ही युक्ती कुणाला सांगितली नाही. खराब कॅसेटवर मात्र सुरुवातीपासूनच सगळा चेहरा काळपट, आणि युक्तीवर पाणी.

टीव्हीसाठी काढलेल्या जुन्या प्रिंट मुद्दाम फिक्या ठेवत, कारण उजेडातल्या दिवाणखान्यात छोट्या टीव्हीवर गडद सावल्यांचा नुसता चिखल दिसे. कॅसेटवर तीच सवय उतरली. व्हिडिओ लायब्ररीच्या जमान्यात भाड्याने आणलेल्या कॅसेटवर हे चित्रपट पाहिलेल्यांना ते धुरकट, राखाडी आठवतात. चित्रपट तसे नव्हतेच.

आणि काही वेळा ‘कृष्णधवल’ हेसुद्धा खरं नसतं. मुर्नाऊंचा ‘नोस्फेराटू’, १९२२. मूकपटांच्या प्रिंट रसायनात बुडवून रंगवत. रात्र निळी, दिव्याच्या उजेडातली खोली पिवळी, असा संकेत. रात्रीचे प्रसंग दिवसा उन्हात चित्रित करून नंतर निळे केले जात. या चित्रपटाच्या स्वस्त आवृत्त्या रंग गेलेल्या प्रतींवरून काढल्या आहेत. त्यामुळे उन्हाने मरणारा तो पिशाच्च भर दुपारी शवपेटी काखोटीला मारून शहरातून हिंडताना दिसतो, आणि लोक दिग्दर्शकाला हसतात! २००० च्या दशकातल्या पुनरुज्जीवनात पॅरिसमध्ये जपलेल्या रंगीत नायट्रेट प्रतीचा आधार घेतला, आणि रात्र परत रात्र झाली. मुळात हा चित्रपट उरला हेच नवल. ब्रॅम स्टोकरच्या विधवेची परवानगी न घेता ‘ड्रॅक्युला’ची गोष्ट उचलली म्हणून जर्मन न्यायालयाने त्याच्या सगळ्या प्रती नष्ट करायचा हुकूम दिला होता. काही प्रती निसटल्या.

स्वच्छ करणं आणि पार धुऊन टाकणं

चांगली फिल्म हाती आली की ती स्कॅन होते. ओरखडे असतील तर फिल्म अशा द्रवात भिजवून स्कॅन करतात, ज्यातून प्रकाश फिल्मसारखाच वळतो. ओरखड्यात द्रव भरला की बरेचसे ओरखडे दिसेनासे होतात. मग संगणकावर चौकट-चौकट तपासून धूळ, डाग, लुकलुक काढायची. ७५ मिनिटांच्या चित्रपटात एका सेकंदाला २४ या हिशेबाने लाखाच्या वर चौकटी होतात.

घोळ होतो तो ग्रेनपाशी. चित्रात सळसळणारे बारीक कण दिसतात ना, ती धूळ नव्हे. फिल्मवरचं चित्र चांदीच्या कणांचंच बनलेलं असतं. ते कण म्हणजेच चित्र. पण नव्या टीव्हीवर ते काहींना खुपतात, म्हणून संगणकाने ते पुसून टाकण्याची फॅशन मधे आली होती. कण पुसले की त्यांच्याबरोबर त्वचेची रंध्रं, कापडाची वीण, केसांची टोकं जातात, आणि कार्लॉफ मेणाचा पुतळा दिसू लागतो. आवाजाचंही तसंच. १९३१ च्या ध्वनिपट्टीत खरखर आहे, आणि ‘ड्रॅक्युला’त सुरुवातीच्या ‘स्वॉन लेक’च्या सुरावटीनंतर पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. लांबलचक शांतता आहेत. खरखर कमी करावी, पण अति केली तर संवाद डबा वाजल्यासारखे येतात.

डिस्क आणि स्ट्रीमिंग यांतला फरकही इथेच कळतो. ४के स्ट्रीमिंगला सेकंदाला साधारण १५ ते २५ मेगाबिट मिळतात, ४के डिस्कवर त्याच्या तिप्पट-चौपट माहिती सहज येते. कणांची सळसळ आणि धुकं यांना सगळ्यात जास्त माहिती लागते. ती पुरली नाही की धुक्यात चौकोन आणि अंधारात पायऱ्या दिसतात. एचडीआर (उजेड-अंधाराचा पल्ला वाढवणारं तंत्र) हा शब्द खोक्यावर दिसला की लोकांना वाटतं चित्र भगभगीत होईल. चांगल्या कामात उलट घडतं. साध्या चित्रात काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ पायऱ्या असतात, इथे १०२४. त्या जादा पायऱ्यांचा फायदा सावल्यांना मिळतो. युनिव्हर्सलने २०२१ मध्ये ‘ड्रॅक्युला’, ‘फ्रँकनस्टाइन’, ‘द इन्व्हिजिबल मॅन’ आणि ‘द वुल्फ मॅन’ असे चार चित्रपट ४के डिस्कवर आणले. पहिल्यांदा पाहणाऱ्याला मी तिथूनच सुरुवात करायला सांगेन, आणि खोलीतला दिवा मालवायला.

मालकी, आणि विकत घेताना

१९६८ चा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ हा या कुळातला शेवटचा मोठा कृष्णधवल चित्रपट म्हणता येईल. ऐनवेळी त्याचं नाव बदललं. जुन्या नावाच्या पाटीबरोबर कॉपीराइटची सूचनाही गेली आणि नव्या पाटीवर ती घालायची राहून गेली. त्या काळच्या अमेरिकी कायद्यात एवढं पुरेसं होतं. चित्रपट सार्वजनिक मालकीचा झाला. ज्याच्या हाती जी प्रिंट लागली ती त्याने कॅसेटवर, डीव्हीडीवर छापली. काही आवृत्त्यांत चेहरे ओळखू येत नाहीत. मूळ निगेटिव्ह मात्र चित्रपट करणाऱ्यांकडेच होती. तिच्यावरून २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या पुढाकाराने पुनरुज्जीवन झालं, तेव्हा कळलं की चित्रपट किती नेटका चित्रित केलेला आहे. हक्क सगळ्यांचा असला तरी निगेटिव्ह ज्याच्या कपाटात, चित्र त्याचंच चांगलं.

‘ड्रॅक्युला’ आणि ‘फ्रँकनस्टाइन’ यांचा अमेरिकेतला ९५ वर्षांचा कॉपीराइट २०२६ च्या अखेरीस संपतो. १ जानेवारी २०२७ पासून तिथे कुणीही ते विकू शकेल, आणि कुठल्या तरी जुन्या डीव्हीडीवरून उतरवलेल्या, वर ‘एचडी’ छापलेल्या आवृत्त्यांचा पाऊस पडणार हे सांगायला ज्योतिषी नको. चांगली फिल्म तेव्हाही युनिव्हर्सलच्याच गोदामात असेल.

भारतात राहून मागवत असाल तर डिस्कचा विभाग पाहा. डीव्हीडीच्या नकाशात भारत विभाग ५ मध्ये येतो, ब्लू-रेच्या नकाशात सी मध्ये, अमेरिका ए मध्ये, युरोप बी मध्ये. अमेरिकेतल्या भावाने पाठवलेली ब्लू-रे इथल्या प्लेअरवर चालेलच असं नाही. ४के डिस्कना ही विभागणी लागू नाही. आपल्याकडच्या जुन्या पाल या टीव्ही पद्धतीच्या कॅसेट आणि डीव्हीडीवर चित्रपट सेकंदाला २४ ऐवजी २५ चौकटींनी धावतो, म्हणून ७५ मिनिटांचा ‘ड्रॅक्युला’ ७२ मिनिटांत संपतो आणि आवाज किंचित चढा लागतो. खोक्यावर कमी मिनिटं दिसली की लगेच कात्रीचा संशय घेऊ नका, आधी हा हिशेब करा. आणि टीव्हीची चौकट १६:९ वर ताणलेली असेल तर ती मूळ प्रमाणावर आणा. हे चित्रपट जवळजवळ चौकोनी आहेत, दोन्ही बाजूंना काळे पट्टे येणारच. ते घालवायला चित्र ताणलं तर लुगोसीचा ड्रॅक्युला गावजेवणातून आल्यासारखा दिसतो.